फुगणारें दार आणि फिरणारें कुसळ

आषाढ लागला कीं माजघराचें दार फुगून चौकटींत अडकूं लागतें. गेल्या आषाढांत आमच्या धाकट्या पुतण्यानें विचारलें, “काका, दार पावसाळ्यांतच कां फुगतें?” “लांकूडच तें, फुगावयाचेंच!” असें म्हणून आम्हीं त्यास वाटेस लाविलें व सुतारास बोलावून दारावर रंधा मारविला. पुढें वैशाखांत त्याच दारास फटी पडल्या, तेव्हां तो प्रश्न आम्हांस पुन्हां आठवला.

ओल शोषून फुगणें हा लांकडाचा दोष, असें आपण समजतों. निसर्गानें मात्र त्याच दोषाचा गुण केला आहे. दिवाळीनंतर माळावर फिरावयास गेलें असतां वस्त्रांस जीं लांब कुसळें चिकटतात, त्यांतील एक घेऊन त्यावर पाणी शिंपडावें. वाळून पिळलेली त्याची शेपटी भिजतांच उलगडूं लागते आणि गरगर फिरते. ओलें-कोरडें होतां होतां बीं असेंच गिरमिटाप्रमाणें मातींत शिरतें. मागें वळलेली लव त्यास बाहेर निघूं देत नाहीं. रानटी ओटच्या अशाच कुसळाचा उपयोग करून रॉबर्ट हुक ह्यानें हवेचा दमटपणा दाखविणारें साधन बनविलें व त्याचें वर्णन १६६५ सालीं आपल्या ग्रंथांत केलें.

पाइन वृक्षाच्या शंकूचीही हीच कथा. त्याच्या खवल्यांस दोन थर असतात. ओलाव्यानें बाहेरचा लांबीस वाढतो, आंतला फारसा वाढत नाहीं. म्हणून पावसांत खवला मिटतो आणि कोरड्या हवेंत उघडून बीं वाऱ्यावर सोडतो. नवल हें कीं, खवला काय किंवा कुसळ काय, त्यांतील पेशी मृत असतात! हालचाल घडते ती केवळ रचनेमुळें.

हें तत्त्व उचलून स्टुटगार्ट विद्यापीठाचे आखिम मेंगेस व त्यांचे सहकारी यांनीं २०१३ सालीं फ्रान्समधील ऑर्लेआं येथील एका संग्रहासाठीं मंडप रचला. त्याच्या झरोक्यांस लांकडाच्या पातळ पापुद्र्यांच्या पाकळ्या आहेत. स्वच्छ ऊन असतां त्या उघडतात, पावसाळी हवेंत मिटतात. त्यांस वीज नको, यंत्र नको; लांकूडच यंत्र झालें आहे.

ज्या गुणास आम्ही रंध्यानें तासून टाकीत होतों, त्याचीच कोणी विद्या केली! मुलांच्या प्रश्नांवरही आपण असाच रंधा फिरवीत नाहीं ना? यंदा कुसळें पिकलीं म्हणजे पुतण्यास घेऊन माळावर जाण्याचा आमचा बेत आहे. सोबत पाण्याचा तांब्या असेल, आणि एक वर्ष उशिराचें उत्तर.