फाटकाआतलं चालणं

घराजवळच ऑफिस, बाजार, शाळा: ‘वॉक टू वर्क’ हा जणू आपलाच शोध, अशा थाटात पुण्याचे बिल्डर बोलतात. मी प्रकाशाचा. तापी-गोमाईच्या संगमावरच्या आमच्या गावठाणात पुढे दुकान, मागे घर, हाकेवर घाट. ब्रोशर कुणी छापलं नाही इतकंच.

मगरपट्ट्याचं श्रेय नाकारत नाही. तिथल्या शेतकऱ्यांनी जमिनी बिल्डरच्या घशात न घालता स्वतःच शहर वसवलं. नक्कल करणाऱ्यांनी मात्र नेमकं फाटक उचललं. आत कॅफे, पण भाजीच्या हातगाडीला, चपला शिवणाऱ्याला मज्जाव. धुण्याभांड्याच्या मावशी दोन बस बदलून येतात. चालायचं फक्त आम्ही आयटीवाल्यांनी? मिश्र वापर म्हणता, मग मावशींना परवडेल अशी एक खोली तुमच्या आराखड्यात का नाही?