रेड अलर्टमध्येही कामावर या! 'नाही' म्हणण्याचा अधिकार कर्मचाऱ्याला आहे का?

१९ ऑगस्ट २०२५. मुंबईत रेड अलर्ट. महापालिकेने सरकारी आणि निमसरकारी कार्यालयांना सुट्टी जाहीर केली. खासगी कार्यालयांना मात्र कामाच्या स्वरूपानुसार कर्मचाऱ्यांना घरून काम करू द्यावे, अशी सूचना केली. एकाला सुट्टी, दुसऱ्याला सूचना. सूचना पाळायची की नाही, हे मॅनेजरच्या मर्जीवर. त्याच संध्याकाळी हार्बर मार्ग ठप्प असल्याने मोनोरेलमध्ये क्षमतेपेक्षा जास्त गर्दी झाली, गाडी मधेच अडकली आणि पाचशेहून अधिक प्रवाशांना अग्निशमन दलाने शिड्या लावून खाली उतरवले.

हा निर्णय चुकला तर काय होते, हे महाराष्ट्राने त्याआधी चार वर्षांपूर्वी पाहिले आहे.

'पी-३०५'वर काय घडले?

मे २०२१ मध्ये 'तौक्ते' चक्रीवादळ अरबी समुद्रातून गुजरातकडे निघाले होते. हवामान विभागाचे इशारे काही दिवस आधीपासून येत होते, मच्छीमारांना समुद्रात जाऊ नका असे सांगितले जात होते. तरीही ओएनजीसीच्या कामासाठी मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात असलेल्या 'पी-३०५' या तराफ्यावर २६१ जण होते. वेल्डर, फिटर, स्वयंपाकी असे बहुतेक कंत्राटी कामगार. या तराफ्याला स्वतःचे इंजिन नव्हते. टगबोटीने ओढल्याशिवाय तो बंदरात येऊ शकत नव्हता. त्याला बंदरात न आणता तेलफलाटापासून काही अंतरावर नांगरून ठेवण्यात आले. नांगर तुटले, तराफा फलाटावर आदळला आणि १७ मेच्या संध्याकाळी बुडाला. नौदलाने १८६ जणांना वाचवले. सोबतची 'वरप्रदा' टगबोटही बुडाली. दोन्ही मिळून ८६ जणांचा जीव गेला.

नंतर कंत्राटदार, तराफ्याचा मालक आणि कप्तान यांच्यात जबाबदारीची टोलवाटोलवी झाली. पोलिसांनी कप्तानावर गुन्हा दाखल केला. पण त्या २६१ जणांपैकी एखाद्या वेल्डरला 'मला किनाऱ्यावर सोडा' असे म्हणायचे असते, तर त्याने ते कोणाला सांगायचे होते आणि त्याचे ऐकणे कोणावर बंधनकारक होते? खरा प्रश्न हा आहे आणि तो ऑफिसात बसणाऱ्यालाही तितकाच लागू आहे.

कायदा काय सांगतो?

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्या कलम १४ नुसार, कामाच्या ठिकाणी जिवाला तातडीचा धोका आहे असे वाटल्यास कर्मचारी ते मालकाच्या आणि त्याच वेळी निरीक्षकाच्या निदर्शनास आणू शकतो. मालकाला धोका पटला तर त्याने लगेच उपाय करायचा. पटला नाही, तर प्रकरण निरीक्षकाकडे पाठवायचे. पाणी वाढत असताना ही पत्रापत्री कशी व्हायची, हे कलम सांगत नाही. थोडक्यात, कळवण्याचा अधिकार आहे, निघून जाण्याचा स्पष्ट अधिकार नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८१ च्या १५५ क्रमांकाच्या करारात तो आहे: जिवाच्या धोक्यामुळे काम सोडून बाजूला झालेल्या कामगाराला त्याची शिक्षा होता कामा नये.

डिलिव्हरी करणाऱ्यांचे तर आणखी अवघड. कागदोपत्री ते 'पार्टनर', कर्मचारी नव्हेतच. पावसात ऑर्डर वाढतात, इन्सेंटिव्ह वाढतो आणि 'जा' असे कोणी म्हणावेही लागत नाही.

मग करायचे काय?

मालकांची बाजू अगदीच पोकळ नाही. कारखान्यातली भट्टी बटण दाबून बंद होत नाही. रुग्णालय, वीज, पाणीपुरवठा थांबवता येत नाही. शिवाय रेड अलर्टच्या दिवशी लख्ख ऊन पडल्याचे किस्से मुंबईकरांना पाठ आहेत. पण अंदाज चुकला तर बुडतो एका दिवसाचा धंदा. अंदाज खरा ठरला तर किंमत मोजतो तो ट्रॅकवरून चालत घरी निघालेला माणूस.

म्हणून हा निर्णय मॅनेजरच्या हातातून काढायला हवा. २४ तासांत २०४.४ मिलिमीटरपेक्षा जास्त, म्हणजे अतिमुसळधार पावसाचा रेड अलर्ट लागला, की अत्यावश्यक सेवा वगळता खासगी आस्थापनांनाही पगारी सुट्टी किंवा घरून काम आपोआप लागू व्हावे. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ हाताशी असताना दर वेळी आवाहनावर थांबण्याचे कारण नाही. ज्यांना यावेच लागते, त्यांच्या ने-आणीची आणि मुक्कामाची सोय मालकाने करावी.

सध्या कायदा हमखास आठवतो तो अपघात झाल्यावर, भरपाईसाठी. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या साखर कारखान्याचा एक रखवालदार एप्रिल २००३ मध्ये पहाटे तीनच्या पाळीसाठी निघाला आणि वाटेत अपघातात गेला. तिथे पाऊस वा पूर नव्हता, पण प्रश्न हाच होता: कामावर जाताना आलेला मृत्यू कामाच्या खात्यात धरायचा का? सर्वोच्च न्यायालयाने कामाशी संबंध सिद्ध होत असेल तर धरायचा, असा निकाल दिला आणि त्याच्या कुटुंबाची भरपाई कायम केली. निकालाची तारीख होती २९ जुलै २०२५.