कलंकाशी लढाई तपासणीच्या खोलीतून

२४ मेचा स्किझोफ्रेनिया जागृती दिन जवळ आला की आपण डॉक्टर व्याख्याने ठरवतो, फलक लावतो आणि त्यांवर एक वाक्य हमखास लिहितो: ‘हा मधुमेहासारखाच एक आजार आहे.’ वाक्य खोटे नाही, पण कलंक पुसायला ते पुरत नाही. अनेक देशांतील लोकमताच्या पाहण्यांचा एकत्रित आढावा २०१२ साली प्रसिद्ध झाला. मानसिक आजार हा मेंदूचा आजार आहे आणि त्यावर उपचार घ्यावेत, हे लोकांना पूर्वीपेक्षा अधिक पटू लागल्याचे त्यात दिसले. मात्र असा आजार असलेला माणूस शेजारी किंवा सहकारी म्हणून चालेल का, या प्रश्नाचे उत्तर सुधारले नाही. स्किझोफ्रेनियाबाबत तर ते बिघडले. मेंदूचाच बिघाड म्हटल्यावर रुग्णावरचा दोष उतरतो, पण ‘हा आता असाच राहणार’ ही समजूत पक्की होते. याउलट मोठ्यांच्या मनातला पूर्वग्रह माहितीपेक्षा प्रत्यक्ष सहवासाने अधिक कमी होतो, असे अभ्यास सांगतात. मानसिक आजारांच्या कलंकाविषयीच्या लॅन्सेट आयोगाच्या २०२२ च्या अहवालानेही याच मार्गावर भर दिला. पण जो माणूस आतल्या खोलीत ठेवला आहे, त्याचा सहवास समाजाला घडणार कसा? म्हणून कलंकाविरुद्धचे काम कुटुंबापासून सुरू व्हायला हवे, आणि कुटुंबाची पहिली गाठ पडते ती आपल्याशी.

घरच्यांवर काय गुदरते हे जाणून घ्यायला परदेशी संशोधन धुंडाळण्याची गरज नाही. सातारा, गोवा आणि तामिळनाडू अशा तीन ठिकाणी झालेल्या, स्किझोफ्रेनियाच्या सामुदायिक सेवेच्या ‘कॉप्सी’ चाचणीत २८२ रुग्ण आणि त्यांचे काळजीवाहक सहभागी होते. प्रत्यक्ष भेदभाव वाट्याला आल्याचे ४२ टक्के रुग्णांनी सांगितले. पण आपण इतरांपासून तुटलो आहोत ही भावना ७९ टक्क्यांमध्ये होती. काळजीवाहकांपैकी ४५ टक्क्यांना घरातला आजार बाहेर सांगणे अवघड वाटत होते. म्हणजे लोकांनी प्रत्यक्ष दिलेल्या वागणुकीहून आत मुरलेली लाज अधिक पसरलेली होती. आणि ज्या गोष्टी गमावण्याची धास्ती होती, त्यांत लग्न आणि कामधंदा ठळक होते.

आता आपली ओपीडी पाहा. आई कापडी पिशवीतून जुन्या चिठ्ठ्या आणि गोळ्यांची रिकामी पाकिटे काढून टेबलावर मांडते. मुलगा बाहेर बाकावर बसलेला असतो. ‘गोळ्या किती दिवस?’ हे विचारून झाल्यावर, उठता उठता ती आवाज खाली आणून विचारते, ‘लग्न लावून दिलं तर सुधारेल का?’ घाईत आपण ‘नको’ म्हणतो किंवा ‘बघू पुढे’ म्हणतो. दोन्ही उत्तरांनी तिची लाज वाढते. लग्न हा उपचार नव्हे, आजार लपवून ते जमवू नये, पण आजार आटोक्यात असताना, दोन्ही बाजूंना सारे ठाऊक असताना संसार होऊ शकतो, एवढे सांगायला पाच मिनिटे लागतात. केवळ निदानाच्या शिक्क्यावर घटस्फोट मिळत नाही, आजाराची तीव्रता पाहावी लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ सालीच स्पष्ट केले आहे. आजार समजावून घेतलेल्या आणि ताण हाताळायला शिकलेल्या कुटुंबांत तो उलटण्याचे प्रमाण कमी होते, हे कित्येक चाचण्यांत दिसले आहे. समुपदेशन ही जादाची सेवा नाही, उपचाराचाच भाग आहे.

यावर पहिला आक्षेप वेळेचा आणि अंतराचा; तो रास्त आहे. राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीत आहेत. आपल्या नाशिक जिल्ह्यात त्यांपैकी एकही नाही. सुरगाणा-पेठच्या पाड्यावरून येणाऱ्याचा रोज बुडतो, भाडे लागते. पण कॉप्सीत घरोघरी गेले ते मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. प्रशिक्षण दिलेले आणि ज्यांच्या कामावर देखरेख होती असे स्थानिक कार्यकर्ते होते. त्यांच्या मदतीने लक्षणे आणि अकार्यक्षमता दोन्ही कमी झाली. फरक माफक होता, हे लपवण्याचे कारण नाही. तो सर्वाधिक दिसला तो ग्रामीण तामिळनाडूत, जिथे सेवा तुटपुंज्या होत्या. आपल्या आदिवासी तालुक्यांसाठी हाच निष्कर्ष सर्वांत महत्त्वाचा आहे.

दुसरा आक्षेप असा की रुग्ण हिंसक असतात, तेव्हा लोकांची भीती खोटी कशी म्हणावी? बहुसंख्य रुग्ण हिंसक नसतात. उपचार नसणे आणि दारू किंवा इतर नशा यांनी धोका वाढतो. हे मोजूनमापून सांगावे. धोका मुळीच नाही असे म्हटले, तर ज्या घराने एक वाईट रात्र काढली आहे, ते आपल्यावर पुन्हा विश्वास ठेवणार नाही. तिसरा आक्षेप देवधर्माचा. त्र्यंबकेश्वरी विधी करून किंवा भगताकडे जाऊन आलेल्या कुटुंबाला अनेकदा पहिला बोल आपणच लावतो. मारहाण, साखळदंड आणि उपचारबंदी यांना विरोध हवाच. तामिळनाडूतील एरवाडीत २००१ साली साखळ्यांनी बांधलेले २८ जण आगीत गेले, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने साखळदंडाला बंदी घातली आहे. पण पूजा केली म्हणून कुटुंबाला ओशाळे केले, तर ते गोळ्याही सोडते. आणखी एक पथ्य: आजार उघड करायचा की नाही हे रुग्णाने आणि घरच्यांनी ठरवावे. त्यांना व्यासपीठावर उभे करण्याची घाई आपण करू नये.

तेव्हा वाचक सहकाऱ्यांना विनंती आहे. नवे निदान झालेल्या प्रत्येक कुटुंबासाठी रुग्णासह एक स्वतंत्र भेट राखून ठेवा. कामाचा प्रश्न त्या भेटीतच काढा: द्राक्षबागेतले, दुकानातले, घरातले कोणते काम आता झेपेल? दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये मानसिक आजाराचा समावेश आहे, तेव्हा दिव्यांगत्व प्रमाणपत्राची वाट दाखवा. टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चिठ्ठीवर लिहून द्या. आशाताईंना आणि गावातल्या डॉक्टरांना पाठपुराव्यात सामील करून घ्या. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिक शहरातच आहे; कुटुंबाशी बोलण्याचे कौशल्य प्रत्येक विद्याशाखेच्या प्रात्यक्षिकात यावे, असा आग्रह आपण सर्वांनी मिळून धरला पाहिजे. व्याख्याने जरूर व्हावीत, पण या मे महिन्यात त्यांच्याआधी आपल्या ओपीडीच्या वेळापत्रकात कुटुंबासाठी जागा करा.