छू म्हणणारेही धरले जातात

परवा भाची आली होती. एमपीएससीचा अभ्यास करते ती. म्हणाली, "मावशी, ॲबेट म्हणजे मदत करणंच ना? मग साधं हेल्प का नाही म्हणत?"

शब्दकोश काढून दोघी बसलो. लग्नघरी पोळ्या लाटायला गेलात तर ती हेल्प. ॲबेट हे क्रियापद मात्र वाईट कामापुरतंच राखलेलं. त्याचं मूळ जुन्या फ्रेंचमध्ये, शिकारीवर कुत्रे सोडण्यात. मला हसूच आलं. आपल्याकडे यालाच 'छू करणं' म्हणतात! चावतो कुत्रा, पण छू म्हणणारा वेगळाच असतो.

कायद्याच्या मराठीत याला 'अपप्रेरणा' म्हणतात. शब्द असा की पोलीस ठाण्यात गेलेल्या बाईला तो कळायचा नाही. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्या कलम 45 मध्ये अपप्रेरणेचे तीन मार्ग दिलेत: चिथावणी देणं, कटात सामील होणं आणि जाणूनबुजून मदत करणं. जे करणं कायद्याने बंधनकारक आहे ते मुद्दाम न करणं, हीसुद्धा मदतच. चिथावलेल्या माणसाने पुढे काही केलं नाही तरी चिथावणारा सुटत नाही. आणि गुन्हा घडताना तो तिथेच हजर असेल, तर कलम 54 प्रमाणे गुन्हा त्यानेच केला असं धरतात. नुसतं उभं राहून बघणं मात्र सहसा यात येत नाही. दोरी आणून दिली की येतं.

दोरीवरून वणी खुर्द आठवलं. राजुऱ्याच्या पलीकडे, जिवती तालुक्यातलं, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातलं गाव. ऑगस्ट 2021 मध्ये तिथे करणीच्या संशयावरून एका दलित कुटुंबातल्या सात जणांना भर चौकात खांबाला बांधून मारलं. त्यात बाया होत्या, म्हातारी माणसं होती. चौकात हे चालतं तेव्हा मारणारे हात मोजता येतात, पण त्याआधी किती तोंडं बोललेली असतात? अशा गोष्टींची सुरुवात काठीने होत नाही. कुणाचं लेकरू आजारी पडतं, कुणाच्या अंगात येतं, कुणीतरी नाव घेतं, आणि बाकीच्या माना हलवतात.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर 2013 मध्ये राज्याचा जादूटोणाविरोधी कायदा आला. त्याची अनुसूची वाचून मी चपापले. अमकी करणी करते, मंत्राने जनावराचं दूध आटवते, असं भासवून तिच्याविषयी संशय पसरवणं हाच मुळी गुन्हा. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. आणि त्याला अपप्रेरणा देणाऱ्यालाही गुन्हेगारासारखीच शिक्षा.

चपापले, कारण मागच्या पावसाळ्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत एक जण म्हणाली होती, "त्या म्हातारीची नजर काही बराबर नाही व बाई. माह्या म्हशीनं दूधच सोडलं." म्हातारी विधवा, एकटी, गावाच्या टोकाला राहणारी. सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. चार बुकं शिकलेली मीच ना! आणि मी म्हटलं, "हो, आमचीही आटली बाई." बस, एवढंच. बोलण्याला बोलणं लागलं म्हणून म्हटलं. न्यायालयात एवढ्यावर कुणी मला धरलं नसतं, कारण हेतू सिद्ध करावा लागतो. पण त्या दिवसानंतर दोघी-तिघींनी म्हातारीकडून अंडी घेणं बंद केलं. ते माझ्या त्या वाक्यामुळे नव्हतं, असं मला छातीठोक सांगता येत नाही.

भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मावशी, पेपरात हे विचारत नाहीत."

मैत्रिणींनो, या कायद्याखाली पोलीस ठाण्यात दक्षता अधिकारी असतो, तक्रार त्याच्याकडे नेता येते. पण तिथवर जायची वेळ येण्याआधी माझं एक काम बाकी होतं. गेल्या सोमवारच्या बैठकीत मी आपणहून सांगितलं की आमची म्हैस आटली ती चारा कमी पडला म्हणून, पुढे ढेप सुरू केल्यावर दूध वाढलं. क्षणभर कुणीच बोललं नाही. मग जिची म्हैस ती म्हणाली, "ढेप कोणत्या दुकानातली व ताई?"