पत्ता म्हणजे नोकरी नव्हे

बंगळूरच्या दक्षिणेस होसूर रस्त्यावर वसलेल्या इलेक्ट्रॉनिक सिटीचा आरंभ कोणा खाजगी भांडवलदाराने केलेला नाही. केऑनिक्स या कर्नाटक सरकारच्या महामंडळाने 1978 मध्ये कोनप्पन अग्रहार व दोड्डतोगूर या गावांच्या 332 एकर जमिनीवर ही वसाहत उभारली. पुढे इन्फोसिससारख्या कंपन्यांमुळे तिच्या नावाला असे वलय लाभले की, आज तिच्या शेजारचा पत्ता हेच अनेकांचे भांडवल होऊन बसले आहे. व्यवस्थापनाच्या पदवीची जाहिरात सोलापूर-लातूरच्या तरुणापर्यंत पोहोचते ती काचेच्या इमारतींच्या छायाचित्रांसह.

अशा अपरिचित संस्थेच्या पदवीसाठी कष्टकरी कुटुंबाने कर्ज काढावे काय? आमचे उत्तर स्पष्ट आहे : सामान्यतः काढू नये.

हिशेबच मांडू. दहा लाखांचे कर्ज, 11 टक्के व्याज आणि सात वर्षांची परतफेड धरली तर हप्ता दरमहा सुमारे 17,000 रुपये येतो. तीस हजारांची नोकरी लागली तरी निम्म्याहून अधिक पगार बँकेत जाणार. उरलेल्या रकमेत बंगळूरचे घरभाडे भागवायचे आणि गावाकडे आईबापांनाही पैसे पाठवायचे. शिक्षणाच्या दोन वर्षांत बुडालेली मिळकत व साचलेले व्याज यात धरलेलेच नाही.

2016 मध्ये असोचॅम या उद्योगपतींच्याच संघटनेने जाहीर केले की, नामांकित संस्था वगळल्यास व्यवस्थापनाच्या पदवीधरांपैकी अवघे 7 टक्के नोकरीस लायक असतात. लायकीचा हा निकष मालकांचा आहे. तो निमूटपणे स्वीकारण्याचे कारण नाही. परंतु नोकरी देणारेही तेच असल्याने त्याकडे डोळेझाक करणे परवडणारे नाही.

नावाचाही भरवसा नाही. आयआयएमच्या पलीकडचा विचार करण्याचे आवाहन करीत देशभर जाहिराती देणाऱ्या आयआयपीएमला दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2014 मध्ये आपल्या अभ्यासक्रमांसाठी एमबीए, बीबीए असे शब्द वापरण्यास मनाई केली. तोवर तेथे शिकून बाहेर पडलेल्यांची भरपाई कोण करणार?

तथापि सरसकट निषेध अन्यायाचा ठरेल. विद्यापीठाच्या विभागात माफक शुल्कात मिळणारी पदवी, किंवा पदवीअभावी बढती अडलेल्या कर्मचाऱ्याने नोकरी सांभाळून केलेला अभ्यास, यांचे मोल निश्चित आहे. संस्था लहान असणे हा दोष नव्हे. दोष आहे तो आशेची किंमत आगाऊ वसूल करण्यात.

म्हणून प्रवेशापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. मिळणार ते विद्यापीठाची पदवी आहे की पदविका? नोकरी मिळालेल्यांपैकी मधल्या विद्यार्थ्याचा पगार किती; कारण सर्वांत मोठा आकडा एकट्याचाच असतो? आणि वसतिगृहासह एकूण खर्च किती? उत्तरे लेखी मिळत नसतील तर परत फिरावे.

मुलाच्या महत्त्वाकांक्षेची थट्टा कोणी करू नये. मात्र जमिनीच्या तुकड्यावर किंवा बापाच्या भविष्यनिर्वाह निधीवर सही होण्याआधी हा हिशेब घरातील सर्वांनी एकत्र बसून करावा. सही झाल्यावर केलेला हिशेब केवळ पश्चात्तापाच्याच कामी येतो.