पंधरा दिवसांची सेवा आणि एका सत्राचे शिष्यत्व

मार्च महिन्यातल्या सुट्टीत आणि पुन्हा जून-जुलैत अमेरिकेतली ख्रिस्ती महाविद्यालये आणि मंडळ्या विद्यार्थ्यांचे गट परदेशी पाठवतात. मेक्सिको, ग्वाटेमाला, होंडुरास, केनिया, युगांडा ही नेहमीची ठिकाणे. वीस वर्षांचा एखादा मुलगा नातेवाइकांना आणि मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना पत्रे लिहून दोन-तीन हजार डॉलर जमवतो, दहा-पंधरा दिवस जाऊन येतो. तिथे शाळेच्या भिंती रंगवल्या जातात, मुलांसाठी बायबलमधल्या गोष्टी, गाणी आणि मूकनाट्य होते. परतल्यावर रविवारच्या उपासनेत तो साक्ष देतो. सगळ्या वयाची माणसे धरली तर वर्षाला सुमारे १६ लाख अमेरिकन मंडळीसदस्य अशा मिशन ट्रिपला परदेशी जात, असा समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाऊ यांचा २००५ च्या सुमाराचा अंदाज होता.

मी मराठी ख्रिस्ती आहे आणि या विषयाकडे मला त्रयस्थपणे पाहता येत नाही. आमच्या मंडळ्यांच्या मुळाशी अमेरिकन विद्यार्थ्यांचीच एक चळवळ आहे. म्हणून या ट्रिपांचे गोडवे गाणाऱ्यांशी मला वाद घालायचा आहे, आणि त्यांना सरसकट झोडपणाऱ्यांशीही. विद्यार्थ्याने परदेशी जरूर जावे. पण दाता, उपदेशक किंवा कामगार होऊन जाऊ नये. तिथल्या मंडळीचा शिष्य म्हणून जावे, आणि शिकायला जेवढा काळ लागतो तेवढा राहावे.

समर्थक पहिला दाखला देतात तो इतिहासाचा. १८०६ साली मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी वादळी पावसात गवताच्या गंजीआड प्रार्थनेला बसले, त्यातून १८१० मध्ये अमेरिकन बोर्ड ही मिशनसंस्था उभी राहिली, आणि तिची माणसे जगभर गेली. पुढे १८८६ च्या उन्हाळ्यात माउंट हर्मन येथे जमलेल्या २५१ विद्यार्थ्यांपैकी १०० जणांनी परदेशी सेवेसाठी नाव दिले. त्यांना चेतवणाऱ्यांत पुढे होता रॉबर्ट वाइल्डर, जो जन्मला कोल्हापुरात, मिशनरी आईबापांच्या घरी. मग आजच्या विद्यार्थ्याने का जाऊ नये, असा त्यांचा प्रश्न.

हा दाखला त्यांच्यावरच उलटतो. विल्यम्स कॉलेजच्या त्याच वर्तुळातला गॉर्डन हॉल १८१३ च्या फेब्रुवारीत सॅम्युअल नॉटबरोबर मुंबईत उतरला. इंग्लंड-अमेरिका युद्ध चालू होते. कंपनी सरकारने दोघांना परत जाण्याचा हुकूम दिला. अर्ज-विनंत्या करत ते टिकून राहिले. नॉट आजारपणामुळे दोन-अडीच वर्षांत परतला. हॉल मराठी शिकला, मराठीत बोलू-लिहू लागला, नव्या कराराच्या मराठी भाषांतरात राबला, आणि १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यावर असताना पटकीने वारला. त्याच मिशनच्या सिंथिया फरार १८२७ मध्ये मुंबईत आल्या आणि १८६२ मध्ये अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, त्यांचा अंत झाला. मुलींची शाळा काढण्यापूर्वी जोतीराव फुल्यांनी जी पाहिली ती त्यांचीच शाळा. हॉलसारखी माणसे विद्यार्थीदशेत पेटली हे खरे, पण त्यांचे काम झाले ते विद्यार्थीदशा संपल्यावर, भाषा जिभेवर बसल्यावर, आणि चालले ते हाडे इथल्या मातीला देईपर्यंत. त्यांच्या नावावर पंधरा दिवसांचे विमानाचे तिकीट काढणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

दुसरा युक्तिवाद अधिक व्यवहारी असतो: थोडी का होईना, मदत होते ना? १९९८ मध्ये मिच वादळाने होंडुरासमध्ये हजारो माणसे मारली आणि अगणित घरे वाहून नेली. घरे बांधायला उत्तर अमेरिकेतून गटांमागून गट आले. होंडुरासमध्ये वर्षानुवर्षे राहिलेले समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हेर बीक यांनी या घरांचा आणि ती बांधणाऱ्यांचा अभ्यास केला. स्थानिक संस्था जे घर सुमारे २,००० डॉलरमध्ये बांधत होत्या, तेच परदेशी गटाने बांधले की प्रवासासकट खर्च ३०,००० डॉलरच्या घरात जाई. म्हणजे एका घराच्या पैशात पंधरा घरे झाली असती, आणि ती बांधताना तिथल्या गवंड्या-सुतारांना मजुरी मिळाली असती. वादळाने त्यांचाही संसार नेला होता. ज्या देशात काम मागणारे हात भरपूर आहेत आणि पैसा नाही, तिथे पैसा खर्चून हात नेणे याला मदत म्हणता येणार नाही.

यावर समर्थक म्हणतात, घर हे निमित्त. खरा बदल विद्यार्थ्यात होतो, तो जन्मभर गरिबांचा कैवारी होतो. व्हेर बीक यांनी हेही तपासले. परतलेल्यांच्या दानधर्मात आणि जगण्यात टिकाऊ फरक त्यांना फारच थोडा आढळला. अपवाद आहेत, ते मी नाकारत नाही. जॉर्ज व्हर्वर हा विद्यार्थी १९५७ मध्ये दोन मित्रांसह उन्हाळ्यात मेक्सिकोला पुस्तके वाटायला गेला आणि त्यातून ऑपरेशन मोबिलायझेशन ही जगभर पसरलेली संस्था जन्मली. पण तो पुन्हा पुन्हा गेला, आणि पुढचे सगळे आयुष्य त्याने त्यातच घातले. एका उन्हाळ्याने माणूस घडला असे म्हणण्यापेक्षा त्या माणसाने एका उन्हाळ्यावर समाधान मानले नाही, असे म्हणणे खरे. शिवाय या युक्तिवादात मला एक गोष्ट फार खुपते. अमेरिकन तरुणाचे मन घडावे म्हणून होंडुरासमधल्या बाईने आपले मोडके घर दाखवायला उभे राहायचे, हे प्रीतीच्या कोणत्या नियमात बसते?

सगळ्यांत जपून बोलायला हवे ते मुलांविषयी. अनाथाश्रमात आठवडाभर राहणे, मुलांना कडेवर घेणे, फोटो काढणे हा या ट्रिपांचा लाडका भाग. २००५ ते २०१० या काळात कंबोडियातल्या अनाथाश्रमांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली, आणि त्यांतल्या चारपैकी जवळजवळ तीन मुलांचे आई किंवा वडील हयात होते. परदेशी पाहुण्यांची आणि त्यांच्या देणग्यांची मागणी होती, म्हणून मुले घरातून उचलून आणली जात होती. याच कारणाने ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरुद्धचा कायदा करताना अनाथाश्रमांसाठी होणाऱ्या मुलांच्या व्यापाराचीही दखल घेतली. हैतीत जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर दहा अमेरिकन बाप्टिस्टांना ३३ मुले कागदपत्रांशिवाय सीमेपलीकडे नेताना अटक झाली. त्यांतल्या बहुतेक मुलांचे पालक जिवंत निघाले. मुले न्यायला आलेल्यांनी स्वतःला वाईट मानले नव्हते, आणि भीती नेमकी त्याचीच आहे. दर पंधरवड्याला नवा ताई-दादा येतो, जीव लावतो आणि निघून जातो; हे ज्या मुलाच्या वाट्याला वर्षानुवर्षे येते त्याच्या मनाचे काय होत असेल, हे आपल्या घरातल्या मुलाकडे पाहून कोणालाही कळेल. आपल्या देशात ज्या कामाला परवाना लागतो ते काम परदेशी गरिबाच्या शरीरावर किंवा मुलावर करण्याचा हक्क पारपत्राने मिळत नाही.

आता पवित्र शास्त्राचा आधार. येशूने सत्तर शिष्यांना दोघादोघांनी पाठवले, तीही अल्पमुदतीचीच फेरी होती, असे समर्थक सांगतात. लूककृत शुभवर्तमानाचा दहावा अध्याय मग नीट वाचू. पिशवी नको, झोळी नको, वहाणा नकोत. ज्या घरी जाल तिथेच राहा, घरे बदलू नका, पुढ्यात येईल ते खा. पाठवले ते असे रिकाम्या हातांनी, यजमानाच्या भाकरीवर अवलंबून. स्वतःचे बाटलीबंद पाणी आणि औषधांची पेटी घेऊन आपल्याच गटात राहणारा, संध्याकाळी हॉटेलात आपल्याच माणसांबरोबर जेवणारा विद्यार्थी या अध्यायाच्या जवळपासही येत नाही. आणि ते सत्तर जण आपल्याच भाषेत, आपल्याच लोकांत फिरले. परक्या नगरांत गेला तो पौल. तो करिंथात दीड वर्ष राहिला, अक्विल्ला-प्रिस्किल्लेच्या घरी तंबू शिवून पोट भरले, इफिसात तीन वर्षे काढली. भाषेविना, दुभाष्याच्या तोंडून सुवार्ता सांगून हात वर करणाऱ्यांची संख्या मोजणे हे पौलाच्या पत्रांत कुठे सापडते? गट बदलतो, गाव तेच राहते, आणि तीच मुले पुढच्या गटापुढेही हात वर करतात.

जिथे ख्रिस्ती अल्पसंख्य आहेत तिथे अशा प्रचाराची किंमतही स्थानिक माणूस मोजतो. आपल्याकडे धर्मकार्यासाठी वेगळा मिशनरी व्हिसा आहे. पर्यटक म्हणून येऊन प्रचार करणे नियमबाह्य आहे. गट निघून जातो, चौकशीला बोलावणे येते ते इथल्या पाळकाला. २००७ मध्ये दक्षिण कोरियातल्या एका मंडळीचे २३ जण अफगाणिस्तानात तालिबानच्या हाती सापडले. दोघांचा जीव गेला, बाकीच्यांच्या सुटकेसाठी त्यांच्या सरकारला वाटाघाटी कराव्या लागल्या. त्या मृतांविषयी मला आदर आहे, पण तरुणांना तिथे पाठवणाऱ्यांच्या विवेकाविषयी प्रश्न विचारणे हा त्या आदराचाच भाग आहे.

एवढे वाचून दुसऱ्या बाजूच्या टीकाकारांना आनंद होत असेल. त्यांचे म्हणणे सरळ आहे: हे सगळे धर्मांतराचे कारस्थान आहे, वसाहतवादाचा नवा अवतार आहे, बंद करा. मला हेही मान्य नाही. या गटांचा मोठा ओघ मेक्सिको-होंडुराससारख्या देशांकडे आहे, आणि ते शतकानुशतके ख्रिस्ती आहेत. वीस वर्षांची पोरे मूकनाट्य करून राष्ट्राचा धर्म पालटतील, ही भीती त्या राष्ट्रातल्या प्रौढ माणसांच्या बुद्धीला कमी लेखते. बाप्तिस्मा घेणारा माणूस स्वतःच्या विचाराने घेतो, हे नारायण वामन टिळकांच्या आणि पंडिता रमाबाईंच्या महाराष्ट्राला तरी सांगावे लागू नये.

हे टीकाकार इव्हान इलिच यांचे नाव घेतात. १९६८ च्या एप्रिलमध्ये, उन्हाळी सेवेला निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांसमोरच इलिच यांनी त्यांच्या सदिच्छेवर जळजळीत हल्ला केला. पण इलिच स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते, आणि त्यांनी दार बंद केले नव्हते. मदत करायला येऊ नका, पण पाहायला, हिंडायला, शिकायला जरूर या, असे त्यांच्या म्हणण्याचे सार होते. निंदकांनी त्यातला अर्धा भाग उचलला आणि समर्थकांनी सगळाच सोडून दिला. ख्रिस्ताची मंडळी जगभर एक आहे असे आम्ही दर रविवारी म्हणतो. जो तरुण आपल्या गावच्या चर्चपलीकडे कधी गेलाच नाही, त्याला त्या म्हणण्याचा अर्थ कसा कळणार? गरीब देशातला विश्वासू माणूस आपला यजमान होऊ शकतो, गुरू होऊ शकतो, हे घरी बसून शिकता येत नाही.

आणि शिकायला जाण्याची रीत अस्तित्वात आहे. इंडियाना राज्यातल्या गोशेन कॉलेज या मेनोनाइट महाविद्यालयाने १९६८ मध्येच, म्हणजे इलिच बोलले त्याच वर्षी, विद्यार्थ्यांना एक संपूर्ण सत्र परदेशी पाठवायला सुरुवात केली. स्थानिक कुटुंबात राहायचे, सत्राचा पहिला अर्धा भाग भाषा आणि त्या देशाचा इतिहास शिकायचा, मग उरलेल्या भागात स्थानिक माणसाच्या हाताखाली काम करायचे. सत्र हाही फार मोठा काळ नाही. पण त्यात माणूस आधी मुका होतो, मग बोबडे बोलतो, चुका करतो, घरची आजी त्या सुधारते, आणि कोण कोणाला देते आहे याचा क्रम आपोआप उलटतो.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण मला याहून मोठे वाटते. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतलेल्या रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला फिलाडेल्फियाला गेल्या आणि १८८८ पर्यंत अमेरिकेत राहिल्या. बालोद्यानाची शिक्षणपद्धती शिकल्या, स्त्रियांच्या संघटना पाहिल्या, काळ्या लोकांवरचा अन्यायही त्यांच्या नजरेतून सुटला नाही. परत येऊन १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदासदन काढले, आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या लोकस्थितीवरचे आपले मराठी पुस्तक छापले. त्यांनी डोळे उघडे ठेवून शिकून घेतले आणि राबल्या त्या आपल्या माणसांसाठी, आपल्या भाषेत. होंडुरासला निघालेल्या विद्यार्थ्याने रमाबाईंसारखे जावे. तिथली मंडळी वादळानंतर एकमेकांना कशी सावरते, हे शिकून त्याने आपल्या राज्यातल्या बेघरांकडे यावे.

यजमान मंडळीच्या हाती सूत्रे द्यायला मात्र पाठवणाऱ्यांची तयारी हवी. आयुष्य मिशनमध्ये घालवलेल्या टिळकांनीसुद्धा १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडून 'देवाचा दरबार' मांडला, कारण इथल्या ख्रिस्ती माणसाने परदेशी मिशनच्या छायेबाहेर उभे राहावे ही त्यांची तळमळ होती. शंभर वर्षे राबलेल्या मिशनलाही हा धडा घ्यावा लागला. म्हणून कोणी यावे, किती जणांनी, किती दिवस, आणि काही काम करायचेच असेल तर कोणते, हे यजमानांनी ठरवावे, आणि नको म्हणण्याने त्यांची देणगी तुटणार नाही याची हमी त्यांना लेखी मिळावी.

शेवटचा आक्षेप पैशांचा: शिकायला जाणाऱ्याला मंडळी पैसे देत नाही, सेवेला जाणाऱ्याला देते. मग मंडळीला खरे सांगावे. आणि त्याच निधीतून दर गटामागे एक तिकीट उलट दिशेचे काढावे. होंडुरासमधल्या पाळकाने किंवा तिथल्या विद्यापीठातल्या मुलीने एक सत्र इंडियानात राहावे, तिथल्या उपासनेत बोलावे, तिथल्या उधळपट्टीविषयी आणि एकटेपणाविषयी अमेरिकन मंडळीला प्रश्न विचारावेत. आज हे क्वचित घडते, कारण अमेरिकन विद्यार्थ्याला जी सीमा सहज ओलांडता येते तीच सीमा त्याच्या यजमानाला व्हिसाच्या खिडकीत अडवते. ते आमंत्रणपत्र लिहिणे, खर्चाची हमी देणे, अर्ज फेटाळला गेला तर आपल्या लोकप्रतिनिधीकडे पाठपुरावा करणे, हे काम विद्यार्थ्यांना उत्तम येते. भाषा त्यांची, कायदा त्यांचा, शहर त्यांचे. पुढच्या मार्चमध्ये भिंती रंगवायला निघण्याआधी त्यांनी हे हाती घ्यावे.