गल्ल्याची चावी पोराच्या हातात देता का?

नगरमध्ये दुकान असो की घरगुती मसाल्याचं काम, धंद्याचाच फोन संध्याकाळी पोराच्या हातात जातो. त्यातच यूपीआय, त्यातच गिऱ्हाईकांचे नंबर. गल्ल्याची चावी देतो का आपण अशी? मुलाला जुना हँडसेट द्या, त्यावर त्याचं वेगळं गूगल खातं काढा, फॅमिली लिंकने वेळ आणि अ‍ॅप ठरवून टाका. प्ले स्टोअरच्या खरेदीला पासवर्ड लावा.

पण नुसतं कुलूप पुरत नाही बरं का. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये संध्याकाळी ७ चा भोंगा सुरू केला. दीड तास टीव्ही-मोबाईल बंद, मोठ्यांचेसुद्धा! आपल्याला ७ ला जमणार नाही, ऐन गिऱ्हाईकीची वेळ. मग शटर ओढल्यावर ९ ला वाजवा तुमचा भोंगा.